व्हॉलीबॉल : तीन स्पर्शांचा खेळ

व्हॉलीबॉलचा सामना पाहणारी गर्दी बहुधा एकाच क्षणी ओरडते. जाळीपाशी एखादा उंच खेळाडू झेपावतो, हात मागे नेतो आणि चेंडू पलीकडच्या जमिनीवर असा आदळतो की धुरळा उडावा. मग टाळ्या, शिट्ट्या आणि त्या खेळाडूच्या नावाचा गजर. त्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत त्याच संघातील आणखी दोघांचे हात त्या चेंडूला लागून गेलेले असतात. त्यांच्याकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नसते.

व्हॉलीबॉलचे नियम छापील पुस्तिकेत मिळतात. ते येथे पाठ म्हणून दाखवण्यात अर्थ नाही. हा खेळ आतून चालतो कसा, आणि ज्याला आपण स्मॅशचा खेळ समजतो तो प्रत्यक्षात त्याआधीच्या दोन स्पर्शांवर कसा उभा आहे, हे खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फुटबॉलमध्ये तरबेज खेळाडू चेंडू पायाशी खेळवत चार जणांना चुकवून पुढे जाऊ शकतो. हॉकीतही तेच. कबड्डीत तर एकटा चढाईपटू समोरच्या सातांना झुंजवतो. व्हॉलीबॉलमध्ये ही सोय नाही. चेंडू धरायचा नाही, हातावर थांबवायचा नाही, आणि एकदा स्पर्श केला की लगेच दुसरा स्पर्श त्याच खेळाडूने करायचा नाही. चेंडू आपल्या अंगणात आला की जास्तीत जास्त तीन स्पर्शांत तो पलीकडे गेला पाहिजे. म्हणजे जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू आपल्या संघात असला तरी तीनांपैकी फार तर दोन स्पर्श त्याचे, तेही पहिला आणि तिसरा. मधला दुसऱ्याच कोणाचा तरी असणार. परावलंबन हा ह्या खेळाचा नियमच आहे म्हणा ना.

हा नियम मात्र खेळाबरोबर जन्माला आला नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात होलिओक नावाचे गाव आहे. तेथील वाय. एम. सी. ए. मध्ये विल्यम मॉर्गन हे शारीरिक शिक्षणाचे काम पाहत. त्याच राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे 1891 साली जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल सुरू केला होता आणि तो भलताच लोकप्रिय झाला होता. पण मॉर्गन यांच्याकडे येणारे बरेचसे सभासद नोकरीधंद्यातले, वय वाढलेले गृहस्थ होते. बास्केटबॉलची धावपळ आणि धक्काबुक्की त्यांना झेपेना. तेव्हा 1895 साली मॉर्गन यांनी टेनिसची जाळी साधारण साडेसहा फूट उंचीवर बांधली, दोन्ही बाजूंना माणसे उभी केली आणि चेंडू हवेतल्या हवेत टोलवायला सांगितले. बास्केटबॉलचा चेंडू जड पडू लागला, त्याच्या आतला नुसता ब्लॅडर फारच हलका, म्हणून मुद्दाम नवा चेंडू करून घेतला. खेळाचे नाव ठेवले ‘मिंटोनेट’. पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, स्प्रिंगफील्डला ह्या खेळाचे प्रात्यक्षिक झाले तेव्हा पाहणाऱ्यांपैकी आल्फ्रेड हॉलस्टेड यांनी, चेंडू जमिनीला न टेकता परतवण्याची म्हणजे ‘व्हॉली’ची क्रिया हेच ह्याचे वैशिष्ट्य, असे म्हणून आज रूढ असलेले नाव सुचवले. 

त्या पहिल्या खेळात एका बाजूला किती खेळाडू असावेत ह्यावर बंधन नव्हते, आणि किती स्पर्शांत चेंडू पलीकडे धाडावा ह्यावरही नव्हते. पोक्त गृहस्थांनी जेवणाआधी थोडे अंग मोकळे करावे, अशा बेताचा तो खेळ होता. त्याला दात फुटले ते आशियात. वाय. एम. सी. ए. च्या माणसांबरोबर व्हॉलीबॉल फिलिपिन्समध्ये गेला आणि तेथे 1916 च्या सुमारास एकाने चेंडू जाळीजवळ उंच उचलून द्यायचा व दुसऱ्याने उडी मारून तो खाली हाणायचा, अशी जोडगोळीची पद्धत पुढे आली. पुढे 1918 च्या सुमारास एका बाजूला सहा खेळाडू ठरले आणि 1920 मध्ये तीन स्पर्शांची मर्यादा आली. खऱ्या अर्थाने आजचा व्हॉलीबॉल सुरू झाला तो येथून. मर्यादा घातल्याबरोबर प्रत्येक स्पर्शाला स्वतंत्र काम मिळाले: पहिला सावरण्याचा, दुसरा रचण्याचा, तिसरा मारण्याचा.

मैदानाची मापे थोडक्यात सांगून पुढे जाऊ. मैदान 18 मीटर लांब व 9 मीटर रुंद. मधोमध जाळी, तिची उंची पुरुषांसाठी 2.43 मीटर आणि स्त्रियांसाठी 2.24 मीटर. जाळीपासून 3 मीटरवर दोन्ही बाजूंना आक्रमण रेषा. चेंडूचा परीघ 65 ते 67 सेंटिमीटर, वजन 260 ते 280 ग्रॅम. सामना पाच सेटचा, तीन जिंकणारा विजयी. पहिले चार सेट 25 गुणांचे, पाचवा 15 चा, आणि कोणत्याही सेटमध्ये किमान दोन गुणांची आघाडी हवीच. सहा खेळाडूंपैकी तिघे पुढच्या फळीत, तिघे मागच्या. समोरच्या संघाची सर्व्हिस मोडून आपल्याला सर्व्हिस मिळाली की सहाही जणांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक जागा सरकायचे. ह्या सरकण्याचे महत्त्व पुढे कळेल.

आता पहिल्या स्पर्शाकडे वळू. समोरून सर्व्हिस येते ती दोन प्रकारची असते. एक उडी मारून, पूर्ण ताकदीने, चेंडूला पुढची फिरकी देऊन केलेली. जागतिक दर्जाच्या पुरुष खेळाडूंची अशी सर्व्हिस ताशी 120 किलोमीटरहूनही वेगाने येते. म्हणजे चेंडू घेणाऱ्याला विचार करायला जेमतेम अर्धा सेकंद. दुसरी सर्व्हिस दिसायला गरीब. चेंडूला फिरकी अजिबात द्यायची नाही, तळव्याने मध्यावर मोजका ठोसा द्यायचा. फिरकी नसलेला चेंडू हवेत स्थिर मार्ग धरत नाही. वाऱ्यावरच्या पतंगासारखा शेवटच्या क्षणी डुलतो, खाली बसतो किंवा बाजूला सरकतो. तिला ‘फ्लोट’ म्हणतात. नवशिक्याला पहिली भयंकर वाटते. अनुभवी खेळाडू अनेकदा दुसरीला जास्त वचकून असतो.

ह्या चेंडूला दोन्ही हात जोडून, कोपरे ताठ ठेवून, मनगटाच्या वरच्या सपाट भागावर घ्यायचे असते. आपल्याकडे ह्याला ‘अंडरहँड’ म्हणतात. येथे हात हलवायचे नसतात, पाय हलवायचे असतात. हात झटकून चेंडू ‘मारणारा’ खेळाडू तो हमखास भलतीकडे उडवतो. चेंडूच्या मागे पायांनी पोहोचायचे, गुडघे वाकवायचे, आणि हातांची फळी अशा कोनात धरायची की चेंडू आपल्याच वेगाने उसळून जाळीजवळ, मध्याच्या थोडा उजवीकडे जाऊन पडावा. एवढेच काम. पण त्या एका ठिकाणी चेंडू पोहोचला तर आपल्या संघापुढे आक्रमणाच्या तीन-चार वाटा मोकळ्या होतात. तो तीन मीटर इकडेतिकडे झाला तर एकच वाट उरते, आणि ती समोरच्यांना आधीच ठाऊक असते.

हे काम किती मोलाचे आहे हे 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाने दाखवले. तोवरची रीत अशी की चार-पाच जणांनी मैदान वाटून घेऊन सर्व्हिस झेलावी. अमेरिकेचे प्रशिक्षक डग बील यांनी जवळजवळ सगळी जबाबदारी कार्च किराय आणि आल्डिस बर्झिन्स ह्या दोघांवर टाकली. संघातील ह्या कामात सर्वांत वाकबगार असे हे दोघे. बाकीचे बाजूला झाले आणि आक्रमणाच्या तयारीला मोकळे झाले. त्या वर्षी अमेरिकेने सुवर्णपदक मिळवले आणि 1988 मध्ये सोल येथे पुन्हा मिळवले. पुढे साऱ्या जगाने ही पद्धत आपापल्या परीने उचलली.

दुसरा स्पर्श हा तर ह्या खेळाचा गाभा. तो करणाऱ्याला पुस्तकांत ‘सेटर’ म्हणतात, आपल्या मैदानांवर ‘लिफ्टर’. जुने खेळाडू ‘बूस्टर’ही म्हणत. आपण ‘लिफ्टर’च म्हणू. दहा बोटे पसरून, कपाळाच्या वर, चेंडू बोटांच्या पेरांवर घ्यायचा आणि त्याच क्षणी सोडायचा. तो क्षणभरही हातात विसावला तर पंचाची शिटी वाजते. दोन हातांचा स्पर्श पुढेमागे झाला तरी वाजते. चांगल्या लिफ्टरच्या हातून चेंडू सुटताना तो स्वतःभोवती फारसा फिरत नाही आणि आवाजही जवळजवळ होत नाही.

पण बोटांची सफाई हा लिफ्टरच्या कामाचा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा फसवणुकीचा आहे. जाळीच्या पलीकडे तिघे जण हात उंचावून भिंत घालायला, म्हणजे ब्लॉक करायला, उभे असतात. चेंडू कोणाकडे जाणार हे त्यांना आधी कळले तर दोघे-तिघे तेथे धावून पक्की भिंत उभी करतील, आणि मग मारणारा कितीही जोराचा असो, चेंडू त्याच्याच पायाशी परत येईल. म्हणून लिफ्टरने शेवटच्या क्षणापर्यंत काहीच कळू द्यायचे नसते. पुढे द्यायचा असो की डोक्यावरून मागे, चेंडू नेहमी एकाच जागी, एकाच पवित्र्यात घ्यायचा. मागे देण्यासाठी जो आधीच कंबरेत वाकतो त्याचे गुपित समोरचा मधला ब्लॉकर पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो.

ह्या मधल्या ब्लॉकरची पंचाईत कशी केली जाते ते पाहण्यासारखे आहे. मध्यावरचा आक्रमक चेंडू लिफ्टरच्या हातात पोहोचण्याआधीच धावत येतो आणि चेंडू हातातून सुटण्याच्या सुमारास हवेत असतो. लिफ्टर चेंडू फक्त हातभर वर सोडतो आणि तो तेथल्या तेथे हाणला जातो. ह्याला ‘क्विक’ म्हणतात. आता समोरच्या मधल्या ब्लॉकरने करायचे काय? त्याच्याबरोबर उडी मारली नाही तर चेंडू बिनविरोध जमिनीवर. उडी मारली आणि लिफ्टरने चेंडू क्विकला न देता डाव्या टोकाला धाडला, तर हा हवेत लटकलेला. जमिनीवर येऊन तेथे धावेपर्यंत स्मॅश होऊन गेलेला असतो. म्हणजे ज्या खेळाडूने चेंडूला हातही लावला नाही त्याची उडीही वाया गेली नाही. ती खोटी उडी आणि लिफ्टरचा निर्णय ह्या दोहोंनी मिळून डाव्या टोकाच्या खेळाडूसमोरची भिंत अर्धी पाडलेली असते. टाळ्या अर्थात डाव्या टोकाला मिळतात.

येथे ते घड्याळाच्या दिशेने सरकणे आठवावे. मागच्या फळीतल्या खेळाडूला आक्रमण रेषेच्या पुढे येऊन जाळीच्या वर असलेला चेंडू पलीकडे मारता येत नाही, ब्लॉकही करता येत नाही. लिफ्टरही इतरांसारखा सरकतच असतो. तो मागच्या फळीत असतो त्या तीन जागांवर संघाला पुढे तीन आक्रमक मिळतात, पण समोरची सर्व्हिस सुटेपर्यंत त्याला आपला क्रम सांभाळून मागे राहावे लागते आणि सर्व्हिस सुटताच जाळीकडे धावत यावे लागते. तो पुढच्या फळीत असतो तेव्हा धावपळ कमी, पण आक्रमक उरतात दोन. तिसऱ्याची उणीव तो स्वतः भरून काढतो: उचलून देण्याचा आव आणून दुसऱ्याच स्पर्शात चेंडू हळूच पलीकडच्या मोकळ्या जागेत सोडून देतो. तेव्हा संघात एकच लिफ्टर ठेवावा की दोन, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षकाला सोडवावा लागतो. दोन ठेवले तर त्यांपैकी एक नेहमी पुढच्या फळीत असतो. व्यवस्था सोपी, म्हणून नवख्या संघांना ती बरी. एक ठेवला तर साऱ्या संघाला एकाच हाताची सवय होते. मोठे संघ बहुतेक एकच ठेवतात.

तिसऱ्या स्पर्शाविषयी मी थोडेच लिहिणार आहे, कारण त्याचे कौतुक सर्वत्र होतेच. पावलांचा ठेका, उडी, हाताचा चाबकासारखा फटका आणि मनगटाने चेंडू खाली वळवणे हे त्याचे चार भाग. एक मात्र सांगायला हवे: नुसत्या जोराने मारणारा लवकर निष्प्रभ होतो. जो समोरच्या भिंतीकडे पाहून तिच्या बोटांवर चेंडू आपटवून बाहेर घालवतो, किंवा हात पूर्ण उगारून ऐनवेळी चेंडू बोटांनी टपकन मागे टाकतो, तो टिकतो. ब्लॉकचा स्पर्श तीनांत धरत नाहीत. 1976 च्या माँट्रिऑल ऑलिंपिकनंतर ही सवलत आली, आणि चेंडू जिवंत राहण्याची शक्यता त्यामुळे वाढली.

दुसऱ्या स्पर्शाची प्रतिष्ठा कोठे जपली गेली असेल तर ती जपानमध्ये. ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला तो 1964 साली टोकियोला. जपानच्या स्त्रियांचा संघ बहुतांशी ओसाकाजवळच्या काइझुका येथील निचिबो कापड कारखान्यातल्या कामगार मुलींचा होता. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू यांच्या हाताखाली दिवसाचे काम संपल्यावर रात्री उशिरापर्यंत त्यांचा सराव चाले. उंचीने त्या युरोपीय मुलींपेक्षा कमी. म्हणून त्यांनी चेंडू जमिनीवर पडूच द्यायचा नाही असे ठरवले: बाजूला झोकून देऊन चेंडू उचलायचा, खांद्यावरून लोळण घ्यायची आणि त्याच झटक्यात पुन्हा पायांवर उभे राहायचे. ह्या लोळणीच्या जोरावर त्यांनी 1962 च्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाला हरवले आणि 1964 च्या ऑलिंपिकमध्ये पुन्हा तीन सरळ सेटमध्ये (15-11, 15-8, 15-13) हरवून सुवर्णपदक घेतले. परदेशी वृत्तपत्रे त्यांना ‘पूर्वेकडच्या चेटकिणी’ म्हणत. दाइमात्सूंची शिस्त अमानुष होती, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. पण पहिल्या स्पर्शाने सामना जिंकता येतो हे त्या मुलींनी दाखवले, हे मान्य करावेच लागते.

पुरुषांचे उदाहरण आणखी बोलके आहे. यासुताका मात्सुदाइरा यांनी घडवलेल्या जपानी संघाचा लिफ्टर होता कात्सुतोशी नेकोदा. 1964 मध्ये कांस्य, 1968 मध्ये रौप्य आणि 1972 मध्ये म्युनिकला सुवर्ण, असा त्या संघाचा चढता आलेख. क्विकचे निरनिराळे प्रकार, आणि एका आक्रमकाने खोटी उडी मारून दुसऱ्याने क्षणभर उशिरा हाणण्याची युक्ती, ह्या गोष्टी ह्याच संघाने पद्धतशीर बसवल्या. म्युनिकच्या उपांत्य सामन्यात बल्गेरियाविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही त्यांनी सामना 3-2 असा ओढून आणला आणि अंतिम सामन्यात पूर्व जर्मनीला हरवले. ह्या साऱ्या युक्त्यांची किल्ली एका माणसाच्या दहा बोटांत होती. नेकोदा 1983 मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आत, कर्करोगाने गेला.

आपल्या देशात हा खेळ आणला तोही वाय. एम. सी. ए. नेच. हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये मद्रासला सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा त्याच्या प्रसारात मोठा वाटा आहे. भारतीय संघटना 1951 मध्ये स्थापन झाली. आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय पुरुषांनी 1958 मध्ये टोकियोला कांस्य, 1962 मध्ये जाकार्ताला रौप्य आणि 1986 मध्ये सोलला पुन्हा कांस्यपदक मिळवले. त्या तिसऱ्या पदकाच्या वेळी जपानला हरवले होते, हे विशेष. त्या पिढीचा तेजस्वी तारा म्हणजे केरळचा जिमी जॉर्ज. आठही भाऊ व्हॉलीबॉल खेळणारे, असे ते घर. इटलीत जाऊन व्यावसायिक संघाकडून खेळणारा तो भारतीय खेळाडू 1987 मध्ये तेथेच मोटार अपघातात दगावला. वय अवघे बत्तीस. त्याची उडी पाहिलेले लोक अजून तिच्याविषयी बोलतात. त्याला चेंडू उचलून देणाऱ्याचे नाव विचारले तर त्यांपैकी बहुतेक जण गप्प होतील.

आणि नेमके हेच आपल्या महाविद्यालयीन व्हॉलीबॉलचे दुखणे आहे, असे मला वाटते. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत शूटिंगबॉल जोरात चालतो. तो स्वतंत्र खेळ आहे आणि त्याची गंमत वेगळी. त्यात चेंडू दोन्ही हातांनी थेट पलीकडे सणसणीत मारण्यालाच मान. तेथून येणाऱ्या मुलाच्या खांद्यात ताकद असते, नजर असते, पण चेंडू दुसऱ्यासाठी ठेवण्याची सवय नसते. ती सवय लावायची जागा म्हणजे महाविद्यालयाचे मैदान. आणि तेथे घडते काय? निवड चाचणीत मुले रांगेत उभी राहतात, कोणीतरी चेंडू उचलून देतो आणि एकेक जण स्मॅश मारून दाखवतो. जे जोरात मारतात ते संघात येतात. चेंडू उचलून देणारा तो ‘कोणीतरी’ कोण होता, त्याने चाळीस-पन्नास चेंडू एकाच उंचीवर कसे दिले, हे टिपून घ्यायला कोणाजवळ कागद नसतो. मग आंतरमहाविद्यालयीन सामन्यात सहा मारणारे जाळीभोवती उभे राहतात, पहिली फ्लोट सर्व्हिस मनगटावरून उडून मागच्या झाडीत जाते आणि सहाही जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

ह्याला उपाय खर्चाचा नाही. लिफ्टरला लागते ती एक भिंत, तीवर खडूने काढलेले एक वर्तुळ आणि रोजची पाऊण तासाची चिकाटी. उंचीची अट येथे फार जाचक नाही. पाच फूट चार इंचांची मुलगी आपल्या पातळीवर उत्तम लिफ्टर होऊ शकते. सर्व्हिस घेण्याचा सराव करायला तर जाळीही लागत नाही, दोघे जण पुरतात. लागते ती एवढीच गोष्ट, की निवड करणाऱ्यांनी ह्या दोन कामांसाठी वेगळी माणसे शोधावीत आणि ती अकरावीतच शोधावीत. लिफ्टर तयार व्हायला तीन-चार वर्षे जातात आणि तोवर पदवीची परीक्षा येऊन ठेपते.

नियम करणाऱ्यांनी मात्र पहिल्या स्पर्शाची कदर अलीकडे केली आहे. 1998 मध्ये दोन मोठे बदल झाले. पूर्वी ज्या संघाची सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळे. दुसऱ्या संघाने चेंडू जिंकला तर केवळ सर्व्हिस मिळे, गुण नाही. सेट 15 गुणांचा, पण तो कधी संपेल ह्याचा नेम नसे. सर्व्हिस इकडून तिकडे फिरत राही आणि गुणफलक तसाच. 1988 मध्ये पाचव्या सेटपुरती ही पद्धत बदलली होती; दहा वर्षांनी सर्वच सेटमध्ये प्रत्येक चेंडूला गुण देण्याचे ठरले. जुने खेळाडू हळहळतात की त्यामुळे हरता हरता सावरण्याची ती लांबलचक झुंज गेली. दूरचित्रवाणीची सोय पाहून हा बदल केला हेही खरे. तरी मला तो न्याय्य वाटतो. पूर्वी स्वतःची सर्व्हिस जाळीत मारणाऱ्याचे नुकसान फक्त सर्व्हिस जाण्याचे होते. आता त्याचा थेट एक गुण जातो.

दुसरा बदल ‘लिबेरो’चा. वेगळ्या रंगाचा सदरा घातलेला हा खेळाडू फक्त मागच्या फळीत खेळतो. त्याला ब्लॉक करता येत नाही, जाळीच्या वरचा चेंडू मारता येत नाही. त्याचे काम सर्व्हिस घेण्याचे आणि जमिनीला टेकू पाहणारा चेंडू वाचवण्याचे. एकही स्मॅश न मारता जगातला नामवंत खेळाडू होण्याची वाट त्यामुळे खुली झाली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या इटलीच्या स्त्रियांच्या संघात मोनिका दे जेन्नारो होती, फ्रान्सच्या पुरुषांत जेनिया ग्रेबेनिकोव्ह होता. दोघेही लिबेरो आणि दोघेही आपापल्या संघाचा कणा. ह्या सोयीची एक उलटी बाजूही आहे. पूर्वी सरकण्याच्या नियमामुळे सहाही जणांना सगळी कामे शिकावी लागत. आता मधल्या उंच खेळाडूला मागे जाण्याची वेळ आली की तो बाहेर बसतो आणि लिबेरो आत येतो. आपल्याकडची उंच मुले त्यामुळे अंडरहँड शिकतच नाहीत. महाविद्यालयीन स्पर्धांत तरी निदान पहिल्या वर्षाच्या मुलांना लिबेरोशिवाय खेळवावे, असे माझे मत आहे; ते सर्वांना पटेल असे नाही.

दुसऱ्या स्पर्शावरही आता नवा वाद सुरू झाला आहे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या स्त्रियांच्या स्पर्धांत 2024 पासून दुसऱ्या स्पर्शाच्या वेळी चेंडू एकाच खेळाडूच्या हातांना पुढेमागे लागला तरी दोष धरत नाहीत, मात्र तो आपल्याच बाजूच्या खेळाडूकडे गेला पाहिजे. बाजू मांडणारे म्हणतात की ह्यामुळे पंचाशी होणारी हुज्जत थांबते आणि खेळ अडत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत तो दोषच आहे. आपल्या मैदानांवर पंच आधीच ह्या बाबतीत सढळ असतात. दोन्ही हातांतून घरंगळत सुटलेला चेंडूही ‘चालू द्या’ म्हणून सोडून देतात. ज्याने दोन वर्षे भिंतीसमोर उभे राहून दहा बोटे एका क्षणी सुटायला शिकवली, त्या लिफ्टरचे त्यात काय राहिले, हे त्या पंचाला कोणीतरी सामना संपल्यावर विचारायला हवे.